जादूच्या आड लपणारा नायक नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत रोमँटसीवर, म्हणजे फँटसी आणि प्रेमकथा एकत्र असणाऱ्या कादंबऱ्यांवर लेख आला होता, तो वाचल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. लेखात म्हटलंय की शापित सरदार, काळा किल्ला, त्याच्या प्रेमात पडणारी मुलगी, सगळं तेच ते असतं, टाइमपास म्हणून ठीक आहे पण साहित्य म्हणून त्याकडे बघण्यात काही अर्थ नाही. लेखकाने एकाही पुस्तकाच्या आत काय आहे ते सांगितलेलं नाही, नुसत्या कव्हरवरून आणि ट्रोप्सच्या, म्हणजे नेहमीच्या ठरावीक कल्पनांच्या, यादीवरून निकाल दिलाय, आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. मी नुकतीच अशी एक डार्क हाय फँटसी प्रेमकथा वाचून संपवली आणि कितीतरी वर्षांत कुठल्या पुस्तकाने मला इतकं अस्वस्थ केलेलं नाही, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. शेवटापर्यंत सगळं सांगणार आहे, त्यामुळे नाव मुद्दाम देत नाही, कुणाला पुढे वाचायचं असेल तर त्यांची मजा जायला नको.

आधी त्या जगाबद्दल सांगायला हवं कारण सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. हाय फँटसी म्हणजे आपल्या जगात कुठेतरी जादू घुसली असं नसतं, अख्खं जगच वेगळं असतं आणि त्याचे नियमही त्याचे स्वतःचे असतात. इथला नियम असा आहे की जादू करायची तर स्वतःची एखादी आठवण जाळावी लागते. छोटी जादू, छोटी आठवण. दिवा पेटवायचा तर एखादी साधी दुपार जाते, जखम भरायची तर कुणाचा तरी आवाज जातो, आणि मेलेल्या माणसाला परत आणायचं तर अख्खं लहानपण. आणि यातली सगळ्यात भयानक गोष्ट म्हणजे काय गेलं ते जाळणाऱ्याला कळतच नाही, कारण आठवणच उरत नाही ना. म्हणून त्या राज्यात नोंदणाऱ्या बायका असतात. जादू करण्याआधी माणूस त्यांच्याकडे जातो, कोणती आठवण जाळणार आहे ते सांगतो, त्या ती वहीत उतरवून ठेवतात, नंतर तो येऊन स्वतःचीच आठवण परक्याची गोष्ट वाचावी तशी वाचतो. आपली नायिका अशी नोंदणारी आहे. हे मला इतकं आवडलं की पहिली काही प्रकरणं मी मुद्दाम हळूहळू वाचली, वहीतल्या एकेका नोंदीपाशी थांबत. एका म्हाताऱ्याने बायकोचं हसणं जाळलेलं असतं आणि तो रोज येऊन तेच पान वाचून जातो, पानावर लिहिलेलं सगळं खरं आहे हे त्याला माहीत असतं पण त्याला काहीच वाटत नाही, आणि काहीच वाटत नाही याचंच त्याला रडू येतं.

उत्तरेच्या सीमेवर महिनोन्महिने सूर्य उगवत नाही आणि तिथल्या अंधारात जे काही आहे त्याला अडवून धरायचं काम एका सरदाराचं आहे. शेकडो वर्षं जगलेला माणूस, स्वतःच्या सगळ्या आठवणी केव्हाच जाळून झालेल्या, आईचं नावसुद्धा आठवत नाही. मग आता जाळायचं काय? तर प्रजेच्या आठवणी, कर म्हणून घेतलेल्या. प्रत्येक घरातून एकाने द्यायच्या. नायिकेच्या धाकट्या भावाची पाळी येते, त्याचं अख्खं लहानपण जाणार असतं, ते वाचावं म्हणून ती सरदाराशी करार करते की सात हिवाळे तुझ्या किल्ल्यावर राहून तुझ्या नोंदी ठेवीन, भावाला सोड.

पुढचा बराच भाग स्लो बर्न आहे, म्हणजे प्रेम अगदी सावकाश फुलत जातं, आणि तो अप्रतिम जमलाय. एनिमीज टू लव्हर्स म्हणतात तोच प्रकार, आधी दुश्मन आणि मग प्रेमी, पण इथे दुश्मनी लुटुपुटूची नाही, ती त्याचा खरंच तिरस्कार करते आणि तिरस्कार करायला सबळ कारण आहे. तो रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसून त्या दिवशी कुणाकुणाच्या आठवणी जाळल्या ते सांगतो, ती लिहिते, आणि हळूहळू तिच्या लक्षात येतं की किल्ल्यात हे सगळं आजवर कुणी लिहून ठेवलेलंच नव्हतं, तोच तिला सांगतोय, हिशोब मागायला कुणीही नसताना. तिथे मी त्याच्या बाजूला झुकायला लागले हे कबूल करायला मला काही वाटत नाही, कारण लेखिकेने तुम्हाला झुकवायचंच ठरवलंय. त्याचा एकटेपणा, त्याचं ते आईच्या नावासाठी जुनी दफ्तरं चाळणं, तिच्या खोलीच्या दाराशी येऊन आत न येता परत जाणं. अर्धं पुस्तक होईपर्यंत तुम्हाला ते दोघं एकत्र यायलाच हवे असतात, आणि ते येतात.

आणि मग तिला वहीच्या बांधणीत दडवलेलं एक पान सापडतं. अक्षर तिचं स्वतःचं. त्यात लिहिलेलं असतं की आज रात्री मी इथून पळून जातेय, मला हा माणूस नको, हा किल्ला नको, आणि उद्या मी इथेच असले तर समज की त्याने काहीतरी केलंय.

तिला हे लिहिल्याचं आठवत नाही. पळाल्याचंही आठवत नाही. म्हणजे ती एकदा नाही म्हणाली होती, निघून गेली होती, त्याने तिला परत आणलं, ती रात्रच तिच्या डोक्यातून काढून घेतली, आणि मग ती नव्याने त्याच्या प्रेमात पडली. मी पुस्तक बंद केलं. खूप राग आला होता, त्याचा तर आलाच, पण त्याहून जास्त लेखिकेचा, कारण इतकी पानं मला तिने त्याच्या बाजूने उभं केलं होतं. मग मागे जाऊन दाराशी येऊन परत जाण्याचा तो प्रसंग पुन्हा वाचला. पहिल्यांदा तो मला हळुवार वाटला होता, आता तिथे अपराध दिसायला लागला, शब्द तेच होते आणि अर्थ पार बदललेला. हे कसब आहे हो, ह्याला टाइमपास नाही म्हणता येत.

आता मला खरं जे म्हणायचंय ते. विसरणं आणि प्रेम हे आपल्याला काही नवीन नाही. शाकुंतल घ्या. दुर्वासाचा शाप, दुष्यंताला शकुंतला आठवत नाही, अंगठी माशाच्या पोटात, अंगठी सापडल्यावर त्याला सगळं आठवतं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणलं तेव्हापासून तर ही कथा मराठी प्रेक्षकांच्या घरचीच झाली. पण महाभारतातली मूळ गोष्ट वेगळी आहे. तिथे शापही नाही आणि अंगठीही नाही. दुष्यंताला सगळं व्यवस्थित आठवत असतं आणि तरी तो भर दरबारात तिला ओळखत नाही म्हणतो, शेवटी आकाशवाणी होते तेव्हा कबूल करतो आणि वर म्हणतो की लोकांना खात्री पटावी म्हणून मी असं केलं. कालिदासाने शाप घातला आणि राजा निर्दोष झाला. काव्य म्हणून शाकुंतल कुठल्या कुठे पोचलेलं आहे, त्यातल्या चौथ्या अंकाबद्दल मी काय बोलणार, पण त्या शापाने दुष्यंताला दरबारातल्या त्या प्रसंगातून सोडवलं हे तर खरंच आहे. नल-दमयंतीतही तेच, नल तिला झोपेत जंगलात टाकून जातो, तिचं अर्धं वस्त्र फाडून घेऊन जातो, पण त्याच्या अंगात कली शिरलेला होता ना, मग बिचाऱ्याचा काय दोष.

म्हणजे अद्भुत कथांमध्ये जादूचा, शापाचा एक उपयोग हा असाच होत आलाय की नायकाने केलेलं पाप दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर टाकायचं. आजच्या कितीतरी डार्क रोमान्समध्ये, म्हणजे क्रूर नायकांच्या प्रेमकथांमध्ये, हेच चालतं. तो क्रूर आहे कारण त्याला शाप आहे, त्याने तिला कोंडलं कारण भविष्यवाणी होती, त्याने तिला खोटं सांगितलं कारण दोघांच्या आत्म्यांचं बंधन जन्माआधीच ठरलेलं होतं. एकदा असं कारण दिलं की मग त्याला माफी मागायचीही गरज उरत नाही, तिने फक्त समजून घ्यायचं. मी अशी बरीच पुस्तकं वाचून सोडून दिलीत. या प्रकाराला काय नावं ठेवायची ती इथे ठेवा, मी तुमच्यासोबत आहे.

या कादंबरीत लेखिकेने नेमकं उलटं केलंय. त्याच्याकडे कारण आहे आणि ते खरं आहे. पळताना नायिकेने सीमेपलीकडचं ते जे काही आहे ते पाहिलेलं असतं, आणि ज्याला ते आठवतं त्याला ते शोधत येतं, म्हणजे ती रात्र काढून घेतली नसती तर ती मेलीच असती. वाचताना मला वाटलं, झालं, आता हिला सगळं कळणार, ही रडत त्याच्या मिठीत जाणार. तसं होत नाही. ती त्याचं सगळं ऐकून घेते आणि एवढंच विचारते की तू मला विचारलं का नाहीस, मरायचं की विसरायचं हे ठरवणारा तू कोण. त्याच्याकडे उत्तर नाही. आणि मेली असती ही भीती खरी धरली तरी फक्त तेवढीच रात्र त्याला काढता आली असती, पण ती नाही म्हणाली होती ही आठवणही त्याने सोबत काढली, ती कशासाठी? ती काढायची गरज कुणाला होती? हा प्रश्न ती विचारते त्या पानावर मी टाळी वाजवली.

मला तेव्हा त्या सुंदरी आणि पशूच्या फ्रेंच कथेची आठवण झाली. बोमाँ या लेखिकेने १७५६ मध्ये ती छोटी करून लिहिली, आज आपण जी ओळखतो ती साधारण तीच, मूळ मोठी कथा विल्नव्ह यांची १७४० ची. त्यात पशू रोज रात्री तिला विचारतो की माझ्याशी लग्न करशील का, ती रोज नाही म्हणते, तो दुःखी होऊन निघून जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतो. ती त्याच्या वाड्यात वडिलांच्या जागी आलीये, म्हणजे तिथेही बळजबरी आहेच, पण निदान प्रश्न विचारला जातो आणि नाही हे उत्तर ऐकलं जातं. त्याउलट ग्रीकांच्या पर्सेफनीच्या कथेत हेडीस तिला उचलून पाताळात नेतो, आणि परत पाठवायची वेळ येते तेव्हा गुपचूप डाळिंबाचा दाणा भरवतो, म्हणजे वर्षाचा एक हिस्सा तिला तिथे परत यावंच लागेल. आमचा सरदार या दोघांच्या मधे उभा आहे. करार त्याने उघड केला, सात हिवाळे म्हणाला तर सातच, आणि चोरी मात्र त्या डाळिंबाच्या दाण्यासारखी, तिला कळू न देता. कराराबद्दल ती त्याला माफ करू शकते, चोरीबद्दल नाही, आणि हा फरक लेखिकेने जितका स्वच्छ ठेवलाय तितका मी भल्याभल्या गंभीर कादंबऱ्यांत पाहिलेला नाही.

ती निघून जाते. वही घेऊन. आणि मग गावोगावी फिरून लोकांना वाचून दाखवते की करात तुमचं काय काय गेलंय. ज्यांना आपण काही गमावलंय हेच माहीत नव्हतं ते लोक आपापली पानं ऐकतात, आणि तिथून बंड सुरू होतं. राजकारणाचा हा भाग थोडा घाईत उरकलाय, लढाया मला फार कळल्या नाहीत आणि एक सेनापती नक्की कुणाच्या बाजूचा आहे हे शेवटपर्यंत नीट उलगडत नाही, पण मूळ कल्पनाच इतकी ताकदीची आहे की मी तेवढं चालवून घेतलं.

तो तिच्या मागे येतो, पण परत न्यायला नाही. त्या जगात घेतलेली आठवण परत करता येते, फक्त तेवढ्याच वजनाची स्वतःची एक आठवण घेणाऱ्याने द्यावी लागते. त्याच्याकडे तेवढ्या वजनाची एकच उरलेली आहे, नायिकेचीच आठवण. तो ती रात्र तिला परत देतो आणि तिला विसरतो. तोवर सीमेवरचं ते संकट संपलेलं असतं त्यामुळे तिच्या जिवाला धोका नाही, पण आता तिला सगळं आठवतंय आणि त्याला काहीच नाही, म्हणजे सत्ता उलटी झाली. ती त्याला काहीही सांगू शकते. तू माझा नवरा आहेस म्हणू शकते, तू माझा गुलाम आहेस म्हणू शकते, सूड घ्यायला याहून चांगली संधी नाही. ती त्याला वही वाचून दाखवते, पहिल्या पानापासून, त्याने कुणाकुणाचं काय घेतलं ते सगळं, आणि त्यात तिचं स्वतःचंही पान. काहीही न गाळता. तो ऐकतो आणि म्हणतो की मी पुन्हा येऊ का, आणि ती म्हणते आज नको. आज नको म्हणते, कधीच नको म्हणत नाही, आणि तो खरोखर निघून जातो. प्रेमकथेत यापेक्षा रोमँटिक काही मी वाचलेलं नाही, खरं सांगते.

इथेच संपायला हवं होतं. पण त्यानंतर एक उपसंहार जोडलाय, बरीच वर्षं गेलीत, किल्ल्यात उजेड आहे, दोघं एकत्र आहेत, मूल आहे. माझी तक्रार सुखान्ताला नाही, प्रेमकथेत सुखान्त असतोच आणि असावाच. तक्रार ही की आज नको आणि हे मूल याच्या मधलं सगळं गाळलंय. ती हो कधी म्हणाली? कशाने म्हणाली? जिच्या नाहीचा सगळं पुस्तकभर इतका मान ठेवला तिचं हो आम्हाला दिसायला नको का? हा फार मोठा दोष आहे आणि चांगल्या समीक्षकाने तो दाखवून द्यायलाच हवा होता, पण मला या पुस्तकाबद्दल जे काही वाचायला मिळालं त्यात एकीकडे नुसता हार्ट्सचा पाऊस आणि दुसरीकडे नुसती थट्टा.

लेखात पलायनवादाचा आरोपही होता. त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टॉल्किनने १९३९ मधल्या परीकथांवरच्या आपल्या व्याख्यानात याचं उत्तर देऊन ठेवलंय, की तुरुंगातून सुटू पाहणारा कैदी आणि रणांगण सोडून पळणारा शिपाई यांची गल्लत करू नका. आणि ही काही परदेशातून आलेली नवी साथही नाही. बाणभट्टाची कादंबरी सातव्या शतकातली, तिच्यात शाप आहेत, पुनर्जन्म आहेत, प्रियकराच्या देहाची वर्षानुवर्षं वाट बघणाऱ्या नायिका आहेत. मराठीत १८६१ साली आलेली हळब्यांची मुक्तामाला ही कादंबरी अद्भुतरम्यच होती. आपल्याकडे वास्तववादाला मान मिळाला तो योग्यच मिळाला, पण म्हणून अद्भुताला थेट पोराटोरांच्या कपाटात टाकायचं कारण नव्हतं.

एक गोष्ट मात्र लेखकाची मला पटते, ती म्हणजे शाळकरी मुलांच्या हातात ही पुस्तकं सर्रास पडतायत ही काळजी. हे पुस्तक मोठ्यांचं आहे. हिंसा आहे, शारीरिक प्रसंग उघड आहेत, आणि आठवण काढून घेण्याचा जो प्रसंग आहे तो ज्यांनी आयुष्यात बळजबरी सोसलीये त्यांना फार जड जाईल. पुस्तकाच्या सुरुवातीलाच लेखिकेने एक पान देऊन यात काय काय आहे ते स्पष्ट लिहिलंय, ट्रिगर वॉर्निंग म्हणतात ते. काहींना हे फाजील लाड वाटतात. मला नाही वाटत. वाचकाला आधी सांगणं आणि मग त्याने ठरवणं, याच गोष्टीवर तर अख्खी कादंबरी आहे. पण कव्हरवर सोनेरी फुलं आणि नाजूक अक्षरं बघून कुणीतरी तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला हे भेट म्हणून देऊ शकतं, आणि ते पान कुणी उघडून बघत नाही. इथे वर्तमानपत्राचा उपयोग होऊ शकतो. आईवडिलांना, शिक्षकांना, वाचनालयात पुस्तकं निवडणाऱ्यांना नेमकं हेच हवं असतं की हे कुठल्या वयाचं आहे, आत काय आहे, आणि जे भयंकर दाखवलंय त्याकडे पुस्तक कसं बघतं, त्याचं कौतुक करतं की हिशोब मागतं. सगळी एकाच रांगेत उभी करून हसलं की ज्या पुस्तकात नायक मुलीला कोंडतो आणि शेवटी तेच प्रेम म्हणून सजवलं जातं ते, आणि ज्यात ती त्याला प्रश्न विचारून निघून जाते ते, दोन्ही वाचकाला सारखीच वाटणार. मग मुलं कुठलं उचलतील ते नशिबावर.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे की पुरवणीत जिथे आत्मचरित्रं आणि कवितासंग्रहांची परीक्षणं येतात तिथेच महिन्यातून एकदा तरी अशा एका कादंबरीचं नीट, संपूर्ण वाचून लिहिलेलं परीक्षण द्या. या प्रकाराची आवड असलेल्या माणसाकडून लिहून घ्या, झोडपायचं तर झोडपू दे, पण पानं उलटून झोडपू दे. आणि मराठीत कुणी स्वतःचं असं वेगळं जग उभं करून मोठ्यांसाठी अद्भुत प्रेमकथा लिहीत असेल तर त्यांना छापा, त्यांच्याबद्दल लिहा. मी तरी पहिल्या दिवशी विकत घेईन.

आपली,
एक नियमित वाचक